लाल गोट

शेडमधून हातोडीचे ठोके येत होते आणि ते दीपिकाचे होते. भिंतीच्या अलीकडं बसूनही संघप्रियाला ते कळत होतं. धम्मानंदचा, तिच्या नवऱ्याचा, ठोका जड. एक पडला की दम खाऊन दुसरा पडायचा. हा ठोका हलका होता, एकामागोमाग एक, कडेकडेनं सरकत जाणारा. मागच्या वर्षापर्यंत असा ठोका ह्या घरात एकाच माणसाचा होता, आणि ते माणूस आता मांडीवर लेकरू घेऊन बसलं होतं.

शीलू दूध पीत होती. दात यायला लागल्यापासून ती मधेच चावायची. आताही चावली. संघप्रियानं ओठ आवळून धरले, पण कान शेडकडून काढला नाही.

"काय ऐकायलीस एवढं?" दारात लसूण सोलत बसलेल्या सुलाबाईनं, तिच्या सासूनं, विचारलं.

"काई न्हाई, आई."

"पोरगी लय झटून करायलीय. सकाळधरनं मान वर केली न्हाई. बापाच्या मेंढरामागं फिरण्यातच जिंदगी गेली असती तिची. आयटीआय केली, बरं झालं. धम्माला बी हाताखाली माणूस झालं."

"मी होते की हाताखाली."

"तू होतीस," सुलाबाई पाकळी सोलत म्हणाली. "आता तुझ्या हातात लेकरू हाय."

संघप्रियानं शीलूच्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं. तरी तिनं पुन्हा एकदा लावला.

झरीच्या रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडच्या मागं घर. पाण्याची इंजिनं, फवारणीचे पंप, पेरणीयंत्रं, जे मोडेल ते धम्मानंदकडं यायचं. लग्न करून आली तेव्हा संघप्रिया बी. एस्सी. झालेली होती आणि शेडच्या कामाशी तिचा काही संबंध नव्हता. एकदा धम्मानंद पॅकिंग कापत होता. लोखंडाचे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथं मधे घालायचा तो जाड करडा कागद. तो नीट बसला तर आतलं ऑइल आत राहतं, नाहीतर कडेनं पाझरत राहतं, मग फट बुजवायला वरून पेस्ट फासावी लागते. त्याच्या जड हातानं कागद सारखा फाटत होता. "द्या इकडं," म्हणून तिनं हातोडी घेतली. कागद लोखंडावर दाबून धरायचा, हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. आपण फक्त घाई करायची नाही. पहिलंच पॅकिंग असं निघालं की धम्मानंदनं ते उन्हाकडं धरून सगळी भोकं तपासली आणि कुणी ऐकत नसताना म्हणाला, "तुझ्या हाताला पेस्ट लागायची न्हाई बघ."

पुढं गिऱ्हाइकाला तो ठसक्यात सांगायचा, "पॅकिंग घरचं हाय. गळलं तर इंजिन माझ्या दारात आणून टाका."

बाळंतपणाला ती सेलूला माहेरी गेली. परत आली तेव्हा शेडमधल्या उलट्या डब्यावर दीपिका बसलेली होती. डब्यावरची गादी संघप्रियानं शिवलेली होती, कॉलेजच्या निरोप समारंभाला नेसलेल्या निळ्या साडीची. ती गादी आता मधे दबली होती. दीपिका उठून हसत म्हणाली होती, "या वहिनी, बसा." स्वतःच्या जागेवर बसा म्हणून दुसऱ्यानं सांगावं! संघप्रिया काही त्या डब्यावर बसली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

*

चहा घेऊन ती शेडमध्ये गेली तेव्हा शीलू तिच्या कडेवर होती. चंद्रभान टायरवर बसून तंबाखू मळत होता. त्याच्या मळणीयंत्राचं जुनं डिझेल इंजिन मधोमध उभं होतं, चाकाच्या गाड्यावर. इंजिनाच्या पोटावर ताटाएवढं लोखंडी झाकण असतं; ऑइल गळत होतं ते तिथून. आठवड्यामागं धम्मानंदनं बाजारातलं तयार पॅकिंग घालून दिलं होतं आणि ते पेडगावच्या रानात अर्ध्या दिवसात ओलं झालं. चंद्रभाननं इंजिन परत ओढत आणलं होतं. येताना फाट्यावरच्या हॉटेलात थांबून सगळ्यांना सांगूनही आला होता.

"सोयाबीन गंजीला पडून हाय माझं," तो आताही तेच म्हणत होता. "आभाळ बघायलास न्हवं? एक सर आली की कोंब फुटतेत. मग तुझं हे पॅकिंग मी गळ्यात घालून फिरू का?"

"काका, आता गळलं तर शेडला कुलूप लावतो," धम्मानंद म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आन् ही पोरगी करायलीय व्हय काम? तू काय करायलास मग?"

झाकणाचे बोल्ट आवळून झाले होते आणि दीपिका चिंधीनं बोटं पुसत होती. बोटं लाल होती. तिच्या डब्याजवळ पेस्टची नळी पडलेली होती, चपटी, पोटातून पिळलेली.

संघप्रियानं झाकणाकडं बघितलं. चारही बाजूंनी लाल पेस्ट बाहेर आली होती, सरळ, एकसारखी. पोलक्याला गोट लावावा तशी. परक्या माणसाला ते काम सुबक वाटलं असतं.

"बघ कसं बसलंय," धम्मानंद तिला म्हणाला. "दीपिकाचा हात सफाईदार हाय की न्हाई?"

तिनं कप खाली ठेवला. वाकून एक बोट त्या गोटावरून फिरवलं. पेस्ट बोटाला चिकटून दोऱ्यासारखी ओढली गेली. हे ह्याच माणसानं तिला शिकवलेलं होतं: जेवढा गोट बाहेर दिसतो तेवढाच आत गेलेला असतो. बाहेरचा पुसता येतो. आतला गरम ऑइलमध्ये लोंबत राहतो, तुटतो, आणि खाली जाळीत जाऊन बसतो. जाळी तुंबली की ऑइल वर चढत नाही, आणि ऑइलशिवाय चालणारं इंजिन आतल्या आत स्वतःला खाऊन टाकतं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. झाकण उघडा, पुसून पुन्हा बसवा. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

"काय झालं वहिनी?" दीपिकानं विचारलं. ती तिच्या बोटाकडं बघत होती.

"कुठं काय? चांगलं बसलंय," संघप्रिया म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. मग तो पदर शीलूच्या तोंडाशी आला तसा तिनं घाईघाईनं दुसऱ्या खांद्यावर टाकला.

इंजिन थोडा वेळ चालवून बघितलं. मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणं धम्मानंदनं खाली कोरा पुठ्ठा सरकवला. पुठ्ठा सकाळपर्यंत कोरा राहिल्याशिवाय त्याच्या शेडमधून इंजिन बाहेर पडत नसे.

सकाळी पुठ्ठा कोरा होता. त्यानं तो उचलून सुलाबाईला दाखवला, रस्त्यानं दुधाच्या किटल्या घेऊन जाणाऱ्या माणसाला दाखवला, आणि दीपिका आली तेव्हा तिच्यापुढं असा धरला की जसं काही तिचं प्रमाणपत्र. "पास झालीस!" म्हणाला. दीपिका हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. संघप्रियाला ते हसू शहाणपणाचं वाटलं आणि तिचं अंग जळलं.

चंद्रभाननं ट्रॅक्टर मागून आणून इंजिन ओढत नेलं. मागून धम्मानंदनं मोटारसायकल काढली. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन दीपिका मागं बसली. पिशवी जड होती, रस्ता खराब होता, तिचा हात त्याच्या खांद्यावर जाणारच होता आणि गेला. संघप्रिया दारात उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली.

"दादा म्हणती ती त्याला," सुलाबाई मागून म्हणाली.

"मी कुठं काय म्हणलं?"

"तू न्हाई म्हणलीस. तुझं तोंड म्हणायलंय."

*

पोळीचं पीठ मळताना तिच्या डोळ्यापुढं तो लाल गोट यायचा. ऑइल तापलं असेल. आतली पेस्ट अजून कच्चीच असेल. मग ती स्वतःला समजवायची की कदाचित थोडीशीच गेली असेल. मग वाटायचं, जाऊ दे ना, एकदा कळू दे सगळ्यांना सफाईदार हात कुणाचा. आणि लगेच फाट्यावरचं हॉटेल आठवायचं. तिथं दीपिकाचं नाव कोण घेणार? नाव धम्मानंदचं जाणार होतं. इंजिन जाम झालं तर चंद्रभान नुसता बोलून थांबणारा माणूस नव्हता, आणि ऐन सुगीत दुसरं इंजिन कुणाकडं मोकळं नव्हतं.

"आई, जेवण मीच घेऊन जाते," ती म्हणाली.

"लेकराला घेऊन? उन्हात?"

"आभाळ हाय. ऊन कुठंय?"

डबा पिशवीत, शीलू छातीशी झोळीत, डोक्यावर ओला पंचा. पेडगावच्या रस्त्यानं ती इतक्या झपाझप चालली की पायातली चप्पल दोनदा निसटली. वाटेत शीलूला घाम आला म्हणून थांबली, घाम पुसला, फुंकर घातली, आणि थांबल्याबद्दल स्वतःवरच चिडत पुन्हा चालू लागली. रान यायच्या आधी आवाज आला. मळणीयंत्राचा घोंगाट आणि त्याच्याखाली इंजिनाचा ठोका. तिनं चालता चालता तो ऐकला. ठोका कोरडा वाटत होता. खोकला सुकावा तसा.

तोंडाला फडकी गुंडाळलेल्या बाया पेंढ्या देत होत्या. भुसा उडून सगळ्यांचे केस पिवळे झाले होते. धम्मानंद आणि दीपिका गंजीच्या पलीकडं पट्टा बघत होते, त्यांची पाठ इकडं होती. संघप्रिया सरळ इंजिनापाशी गेली आणि ऑइलचा काटा बघितला. काटा खाली पडत होता. थरथरत वर यायचा आणि पुन्हा पडायचा.

"बंद करा!" ती ओरडली. घोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. शीलू मात्र दचकून रडायला लागली. संघप्रियानं एका हातानं तिला छातीशी दाबलं आणि दुसऱ्या हातानं डिझेलचा दांडा ओढून धरला. इंजिन गचके खात, धूर सोडत थांबलं. यंत्राचा घोंगाट हळूहळू उतरला, आणि सगळ्या रानात फक्त लेकराचं रडणं राहिलं.

"कुणी बंद केलं?" चंद्रभान धावत आला. "आगं ए बाई, खुळी झालीस का?"

"काटा बघा," ती म्हणाली. "ह्यांना बोलवा. पोट उघडा त्याचं."

ऑइल पत्र्याच्या डब्यात काढलं. बोल्ट इतके गरम होते की धम्मानंदनं चिंधी धरून ते सोडवले. झाकण निघालं. आतल्या कडेला लाल पेस्ट लोंबत होती, गांडुळं चिकटावीत तशी. त्यानं आत हात घालून जाळी काढली. जाळी लालच झाली होती. ऑइल जायला कुठंकुठं फट राहिली होती.

"अजून थोडं चाललं असतं तर..." तो म्हणाला.

चंद्रभाननं जाळी त्याच्या हातातून घेतली, बायांकडं फिरून सगळ्यांना दाखवली. "बघा. हे शिकलेल्या पोरीचं काम! म्हणलं होतं न्हवं मी? मेंढ्या वळायच्या सोडून इंजिनं वळायला निघाली. कोंडाबाईला सांगतो आता, तुझी लेक घरी घेऊन जा म्हणून."

बायांमधून कुणीतरी फडक्याआड हसलं. दीपिका मान खाली घालून उभी होती. तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, त्यांचं काय करावं हे तिला कळत नसल्यासारखे. संघप्रियानं ज्याची वाट बघितली होती ते हेच होतं. ते आता समोर उभं होतं आणि बघवत नव्हतं.

"पेस्ट मी न्हाई लावली," दीपिका हळूच म्हणाली.

"मग काय भुतानं लावली?"

"मी लावली, काका," धम्मानंद म्हणाला. त्याचे डोळे जाळीवर होते. "तिनं नुसतं ग्रीस लावून ठेवलं होतं. मीच वरनं पेस्ट फिरवली. अख्खी नळी."

"तू? तुला कळत न्हाई व्हय?"

"कळतंय. पन एकदा गळलं होतं न्हवं. भरवसा वाटंना." तो संघप्रियाकडं वळला, आणि सगळ्यांदेखत, जसं काही सोपीच गोष्ट आहे, तसं बोलून गेला, "हिनं कापलेलं असतं तर कशाला लावली असती?"

वर्षभर जे ऐकायचं होतं ते संघप्रियाला चंद्रभानच्या रानात, भुशात, सगळ्यांसमोर ऐकायला मिळालं होतं. तिनं दीपिकाकडं बघितलं. दीपिकाचा चेहरा चंद्रभानच्या बोलण्यानं पडला नव्हता तेवढा आता पडला होता.

डबा उचलायच्या निमित्तानं दीपिका जवळ आली तेव्हा इतकंच म्हणाली, "वहिनी, काल तुमी बोट लावून बघितलं होतं."

"तू बी बोलली न्हाईस की."

"मी काय बोलू? तुमच्या घरची मानसं तुमी."

*

धम्मानंदनं पिशवीतून हातोडी काढली आणि संघप्रियापुढं धरली. "तू काप. मी जाळी धुतो, कडा खरडतो." पिशवीत कागदाचा एकच तुकडा होता, घडी केलेला, त्यात दोन पॅकिंगं जेमतेम बसली असती.

ती लिंबाखाली बसली. झाकण पालथं मांडलं, शीलूला पंच्यावर ठेवलं आणि पहिला ठोका मारला. हात विसरला नव्हता असं तिला वाटलं. एक बाजू निघाली. तेवढ्यात शीलू पालथी होऊन भुशाकडं सरकली, भुसा तोंडात घातला. "आगं ए!" संघप्रियाचं लक्ष गेलं आणि ठोका भोकाच्या कडेवर पडला. कागद कोपऱ्यात फाटला.

तिनं वर बघितलं. धम्मानंद इंजिनापाशी आडवा होऊन, पाठ करून, ब्लेडनं पेस्ट खरडत होता. त्यानं काही बघितलं नव्हतं.

दीपिकानं बघितलं होतं. तिनं शीलूला उचललं, तोंडात बोट घालून भुसा काढला, पाणी पाजलं. शीलू तिच्या कडेवर गप्प झाली आणि तिच्या कानातल्या रिंगेशी खेळू लागली. कडेवरच्या त्या आरामशीर लेकराकडं संघप्रियानं बघितलं. हे पण हिलाच! पण छाती भरून आली होती, पोलकं ओलं व्हायला लागलं होतं, आभाळ पेडगावच्या बाजूनं काळं होत होतं, आणि कागद एकाच पॅकिंगपुरता उरला होता.

"दे तिला इकडं," ती म्हणाली. मग हातोडी पुढं केली. "तू बस."

"मी?"

"बस म्हणते न्हवं. घाई करू नकोस."

ती झाडाच्या पलीकडं तोंड करून शीलूला पाजायला बसली. मागून ठोके येत राहिले, हलके, कडेकडेनं. ती मोजत नव्हती, पण चुकला असता तर तिला कळलं असतं. चुकला नाही.

पॅकिंग घेऊन दीपिका समोर येऊन उभी राहिली. संघप्रियानं ते आभाळाच्या उजेडाकडं धरलं. सगळी भोकं गोल होती. कोपरे तिच्या स्वतःच्या हातचे कधी निघाले नव्हते इतके स्वच्छ होते. हे बघून तिला आनंद झाला नाही.

"झालं का गं?" इंजिनापासून धम्मानंदनं मागं न बघता हात पसरला.

संघप्रिया उठली आणि पॅकिंग त्याच्या हातावर ठेवलं.

"पेस्ट काढू का थोडी?" दीपिकानं विचारलं. तिचा आवाज सरळ होता.

"कशाला? हिच्या हाताला लागत न्हाई," तो म्हणाला. ग्रीसचं बोट फिरवलं, पॅकिंग बसवलं, बोल्ट समोरासमोरचे आवळत गेला. दोघी उभ्या राहून बघत होत्या. एकमेकींकडं त्यांनी बघितलं नाही.

गाळलेलं ऑइल परत भरलं आणि चंद्रभाननं देवाचं नाव घेऊन हँडल मारलं. काटा वर चढला आणि तिथंच राहिला. धम्मानंदनं हत्यारांच्या पिशवीतला पुठ्ठा काढून इंजिनाखाली सरकवला. बाया पुन्हा पेंढ्या द्यायला लागल्या. पावसानं पेडगावच्या पलीकडं हजेरी लावली, वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास आला, पण इकडं थेंब पडला नाही. दिवस कलला तेव्हा गंजी संपली होती, पोती शिवून झाली होती आणि शीलू पोत्यांच्या आडोशाला झोपली होती.

इंजिन थांबल्यावर धम्मानंद गुडघ्यावर बसला आणि पुठ्ठा ओढून काढला. भुसा झटकला. पुठ्ठा कोरडा होता.

"काका, बघा!" त्यानं चंद्रभानपुढं पुठ्ठा नाचवला. "आता सांगा फाट्यावर. पॅकिंग घरचं हाय! हात तो हात, त्याला तोड न्हाई."

चंद्रभान मान हलवत पोत्यांकडं गेला. दीपिका डिझेलच्या डब्यात हात धूत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त तिचे हात धुता धुता थांबले.

संघप्रियाला वाटलं, हे एक वाक्य मी ठेवून घेतलं तर कुणाचं काय जातंय? सोयाबीन निघालं. इंजिन वाचलं. उद्यापासून शेडमध्ये कुणी बोलावणार असेल तर मलाच बोलावेल. तिनं ते वाक्य तोंडात गुळाच्या खड्यासारखं थोडा वेळ घोळवलं.

"अवो," ती म्हणाली. "माझं फाटलं. ते दीपिकाचं हाय."

"काय?"

"तुमी बसवलं ते. दीपिकानं कापलंय."

धम्मानंद तिच्याकडं बघत राहिला, मग दीपिकाकडं. तो पुन्हा खाली बसला. पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला. मग वाकून झाकणाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्याजवळ नेऊन बघितलं.

"बघा, बघा," संघप्रिया म्हणाली. "माझं असतं तर एकदाच बघून उठला असता."